वीस किलोमागे अर्धा किलो

१

संघाची वजनं चोरीला गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी हसूच आलं.

फोनवर सचिवबाई होत्या, अगदी रडकुंडीला आलेल्या. "मॅडम, वीस किलोची सहाच्या सहा वजनं गेली हो! काचेच्या कपाटातून! परवा सुवर्णमहोत्सव, उद्या तुम्ही तपासायला येणार होता. आता मी काय करू?"

"काही करू नका," मी म्हटलं. "कपाटाला कुणाला हात लावू देऊ नका. मी आजच येते."

मी वजनमाप निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, खोटं माप सापडलं की दंड ठोकायचा, हे माझं काम. मला पाहिलं की दुकानदार लगबगीनं चहा मागवतात आणि मी तो पीत नाही. बाई फार खडूस आहे म्हणतात. बरोबरच म्हणतात. पण बाईला खडूस कुणी केलं, ते या संघाच्या लोकांना विचारा.

हा शेतकरी संघ ना-नफा तत्त्वावर चालतो. सभासदांनी हंगामात धान्य आणायचं, संघानं ते मापून गोदामात ठेवायचं, भाव चढला की विकायचं, आणि खर्च वजा जाता उरेल ते ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे वाटून टाकायचं. मधल्या मध्ये कुणी खायचं नाही. सगळा डोलारा एका मोठ्या दोन पारड्यांच्या काट्यावर उभा होता आणि तो काटा माझ्या वडिलांच्या ताब्यात होता. बाबा गोदामपाल होते. लोक त्यांना कौतुकानं धर्मकाटा म्हणायचे.

मग सलग दोन हंगाम गोदामात धान्य कमी भरलं. थोडी घट दरवर्षी येतेच, धान्य वाळतं, उंदीर खातात. ही घट मात्र कुणाच्याही डोळ्यांवर येईल इतकी होती. सर्वसाधारण सभेत बाबांना उभं केलं आणि भर सभेत चोर म्हटलं. नुकसान त्यांच्याकडून वसूल करायचं ठरलं. आमची दोन्ही शेतं विकली गेली. आईनं त्या धसक्यानं अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. बाबा एवढंच म्हणत राहिले, "माझं माप चुकलेलं नाही." गेली बावीस वर्षं ते माझ्या घरात खिडकीपाशी बसून हेच म्हणतात.

मी तेव्हा कॉलेजात होते. त्याच दिवशी मनाशी ठरवलं, ज्यानं हे केलं त्याला याच लोकांसमोर असंच उभं करीन. लोक पोटासाठी नोकरी धरतात, मी ही सूड घ्यायला धरली.

सचिवबाई नव्या, बाहेरगावच्या. मी कुणाची मुलगी हे त्यांना ठाऊक नव्हतं. महोत्सवात जुना काटा नि जुनी वजनं मांडायची, शेजारी सरकारी प्रमाणपत्र लावायचं, अशी त्यांची हौस. त्यासाठी अध्यक्षांच्या सहीचं पत्र माझ्या कार्यालयात आलं होतं. बावीस वर्षं माळ्यावर कुलपात पडलेली ती वजनं तपासायची संधी आयती चालून आली होती आणि ऐनवेळी कुणीतरी ती पळवली.

नवं सभागृह छान होतं. गुळगुळीत फरशी, रंगाचा वास, मधोमध छताला टांगलेला तो जुना काटा. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. वरचा खण रिकामा. खालच्या खणात दहाची नि पाचची लोखंडी वजनं आणि पितळेची छोटी वजनं चकचकत होती.

"पितळ नाही नेलं?" मी विचारलं.

"नाही ना! मलाही तेच कळेना."

भंगारवाला लोखंडापेक्षा पितळेला कितीतरी जास्त भाव देतो, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. याला धातू नको होता. याला फक्त वीसची वजनं माझ्या हाती लागू द्यायची नव्हती.

मी वळले आणि समोरच्या भिंतीवर नजर गेली. संघाच्या पन्नास वर्षांचा जमाखर्च रंगाऱ्याकडून भिंतभर काढून घेतला होता. वर्षागणिक एक हिरवी पट्टी आलेल्या धान्याची, एक लाल पट्टी घटीची. सगळीकडे लाल पट्टी नखाएवढी. फक्त दोन वर्षं बोटभर लांब, आणि त्यांच्याखाली सुरेख अक्षरात: 'गोदामपालाच्या अपहाराची वर्षं'.

"हेच महोत्सवाच्या पुस्तकातही छापतोय," सचिवबाई म्हणाल्या. "इतिहास कसा, खराखुरा हवा."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण पट्ट्या पाहताना एक गोष्ट खटकली. पहिल्या साली पीक बेताचं होतं, लाल पट्टी आखूड. दुसऱ्या साली पीक भरघोस, लाल पट्टीही लांब.

"या दोन वर्षी नेहमीची घट वजा करून शेकडा किती उरते बघा जरा."

बाईंनी आकडेमोड केली. "अडीच. आणि दुसऱ्या वर्षी... अय्या, तेव्हाही अडीचच!"

चोर मिळेल तेव्हा, मिळेल तितकं नेतो. पिकाकडे बघून शेकडा अडीचच्या हिशोबानं चोरी करणारा चोर मी अजून पाहिलेला नाही. शंभरामागे अडीच म्हणजे वीस किलोमागे अर्धा किलो. धान्य गोदामातून कधी गेलंच नव्हतं. ते आत आलंच कमी होतं.

२

अध्यक्षांनी मला पाहताक्षणी ओळखलं.

"या, या. धर्मकाट्याची लेक!" खुर्चीतून न उठता ते म्हणाले. "काय योगायोग बघा."

सगळ्या गावात बाबांचं वाकडं कुणाशी असेल तर यांच्याशी. एका हंगामात यांनी ट्रकभर ओलं धान्य आणलं होतं. ओलं धान्य वजनाला जड. बाबांनी ते घेतलं नाही, सगळ्यांदेखत ट्रक परत पाठवला. नंतर बाबांना चोर ठरवणाऱ्या सभेत सर्वांत मोठा आवाज यांचाच होता. हाच माणूस निघावा अशी माझी फार फार इच्छा होती, ते लपवत नाही.

"गेली तर गेली वजनं," अध्यक्ष म्हणाले. "शोभेचीच होती. नवी करून ठेवू. मॅडम, कशाला जुनं उकरून काढता?"

"त्या वजनांवर माझ्या बापाची दोन शेतं गेली."

"हे बघा, ही ना-नफा संस्था आहे. इथे कुणाला कुणाचं काही खायचं नसतं."

"तेच तर विचारते. नफा नाही, तर दोन शेतांचा पैसा कुणी खाल्ला?"

त्यांनी समोरची फाईल ओढली. पैसा कुणी खाल्ला हे मलाही कळत नव्हतं, आणि तिथेच माझं घोडं अडलं. समजा वजनं हलकी होती. साडेएकोणीस किलोचं धान्य वीस म्हणून लिहिलं गेलं. विकताना व्यापारी आपल्या काट्यावर खरं वजन करणार, म्हणजे संघाला तूट. पण हलक्या वजनाचा फायदा प्रत्येक सभासदाला सारखाच झाला, आणि वाटणीच्या वेळी प्रत्येकाला तेवढंच कमी मिळालं असतं. या हातानं घ्या, त्या हातानं द्या. संघात उरतं काय? मग हा उद्योग करून कुणी काय मिळवलं?

बाहेर फाटकाशी काका बसले होते. बाबांचे धाकटे भाऊ. तेव्हा ते काट्यावर मापाडी होते, पोती चढवायची नि वजनं टाकायची त्यांनी. आता पहारेकरी. त्या सभेत त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्याशी इतकी वर्षं बोलत नव्हते.

"रात्री तुम्हीच होता ना पहाऱ्यावर?"

"होतो गं." काका मान खाली घालून म्हणाले. "डोळा लागला. माझ्यावरच आळ येणार, मला माहितीये. आमच्या घराण्याला सवय आहे."

"माझी पेटी जीपमध्ये आहे. तिच्यातलं वीसचं सरकारी वजन तेवढं आत घ्या."

मुद्दामच सांगितलं. काकांचा उजवा खांदा पार गेलेला आहे, ते कण्हत उठले. डाव्या हातानं वजन उचललं, दोन पावलं चालले आणि थांबले.

"तुमची सरकारी वजनं जड असतात का गं?"

"का?"

"मागल्या आठवड्यात मीच माळ्यावरनं एकेक करून ती सहा उतरवली. ती हाताला अशी नव्हती लागत. हलकी होती."

ज्यानं वजनं हलकी केली तो हे वाक्य मरेस्तोवर बोलणार नाही. आणि माळ्यावरनं एकेक उतरवणं वेगळं; या खांद्यानं एका रात्रीत सहा वजनं वाहून न्यायची म्हणजे अशक्यच.

"काका, बाबा रोज सकाळी काटा तपासायचे ना?"

"तपासायचे म्हणजे काय! त्याशिवाय पहिलं पोतं चढायचं नाही. या पारड्यात एक वीसचं, त्या पारड्यात दुसरं वीसचं. काटा सरळ उभा राहिला की दादा म्हणायचे, चला, देव जागा आहे."

बाबांचं रोजचं व्रत होतं ते, गावाला त्याचा केवढा अभिमान! आणि त्यातून काहीही सिद्ध होत नव्हतं. दोन्ही वजनं सारखीच हलकी असली, तरी काटा सरळच उभा राहणार. ज्यानं हे केलं त्याला ते व्रत माहीत होतं. म्हणून त्यानं सहाही वजनं अगदी सारखी हलकी केली होती.

असं सफाईदार काम करणारे हात गावात एकाचेच होते.

३

लोहारमामांचं दुकान तसंच होतं. दारात मोडका नांगर, आत भट्टी, कोपऱ्यात एक फोडलेली ट्रॅक्टरची बॅटरी, टेबलावर भंगार मापायचा इलेक्ट्रॉनिक काटा. लहानपणी मी इथे ठिणग्या बघत तासन्‌तास बसायचे. मामा म्हातारे झाले होते, पण मनगट अजून तेच.

"ये पोरी. वडील कसे आहेत?"

"आहेत. खिडकीत बसतात."

"बोलतात?"

"एकच वाक्य."

मामांनी मान हलवली. कुठलं वाक्य, हे विचारलं नाही.

"मामा, संघाची वजनं दरवर्षी तुम्हीच साफ करायचात ना?"

"हंगामाआधी गंज काढायचा, काळा रंग द्यायचा. फुकट करायचो. आणि आता?" त्यांचा आवाज चढला. "महोत्सवाला मी आपणहून दोनदा गेलो, म्हटलं द्या इकडे, नव्यासारखी करून देतो. तर त्या बाई म्हणतात, रंगारी आलाय, तोच करेल! काचेचं कपाट मात्र माझ्याकडून बनवून घेतलं. कुलपासकट."

आतल्या खोलीत मामी जमिनीवर बसून धान्य निवडत होत्या. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. गावात त्यांना खडेवाली म्हणत. फार जुनी गोष्ट, मी शाळेत होते. त्यांच्या पोत्यात खडे निघाले, बाबांनी ते पोतं भर काट्यावर सगळ्यांसमोर उलटं केलं, आणि ते नाव कायमचं चिकटलं. त्यानंतर मामी संघाच्या दारात गेल्या नाहीत, एवढंच मला आठवत होतं.

"वजनं सापडतील गं," मी निघताना मामा म्हणाले. "एवढी जड वस्तू कोण कुठे नेणार?"

मामांबद्दल मला खात्री वाटत होती आणि वाटू नये असंही वाटत होतं. पण पुरावा? वजनंच नाहीत, तर अर्धा किलो मी दाखवणार कुठे? संध्याकाळी सभागृहात त्या लाल पट्ट्यांसमोर बसून मी दात-ओठ खात राहिले.

आणि मामांचे शब्द खरे ठरले. सकाळी वजनं सापडली.

४

सभागृहामागच्या कोरड्या गटारात, गोणपाटाखाली, सहाच्या सहा. काकांनीच पाहिली.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. महोत्सवाच्या तयारीला आलेले सगळे सभासद काट्याभोवती गोळा झाले. मागे, दाराच्या चौकटीला टेकून लोहारमामाही उभे होते.

मी एका पारड्यात सरकारी वजन ठेवलं. दुसऱ्यात काकांनी पहिलं वजन ठेवलं. काटा हलला, डुलला आणि सरळ उभा राहिला. दुसरं वजन. सरळ. तिसरं, चौथं... सहावंही सरळ.

सगळी वजनं बिनचूक होती.

"झालं समाधान?" अध्यक्षांचा आवाज घुमला. "वजनं खरी आहेत, मंडळी! म्हणजे माप खरं होतं. मग धान्य कुठे गेलं, ते आता सरकारी अधिकाऱ्यांनीच सांगावं!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. काका माझ्याकडे पाहून पुटपुटले, "पण हाताला हलकी होती गं, शपथ." बाबांना याच जागी उभं केलं होतं, आणि आता मीच सरकारी शिक्क्यानिशी त्यांना पुन्हा चोर ठरवलं होतं.

रडू येऊ नये म्हणून हाताला काहीतरी काम हवं होतं. मी कपाटातली दहाची नि पाचची वजनं काढली आणि सवयीनं तीही तपासायला घेतली. दहाचं वजन किंचित हलकं निघालं. पाचचंही. पेटीतल्या नाजूक काट्यावर पितळेची छोटी वजनंसुद्धा, अगदी कणभर.

माझ्या जिवात जीव आला. इतका की मी मोठ्यानं हसले.

५

"बसा सगळे," मी म्हटलं. "अध्यक्ष, तुम्हीसुद्धा. आता सांगते धान्य कुठे गेलं."

लोक बसले. मामा उभेच राहिले.

"वजन वापरलं की झिजतं. हात लागतो, आपटतं, गंज काढताना खरवडलं जातं. म्हणून तर दर दोन वर्षांनी पडताळणी असते. ही छोटी वजनं कमी वापरली, तरी झिजलीत. वीसची वजनं तर सगळ्यांत जास्त वापरली, तुमचं प्रत्येक पोतं त्यांवर मापलं. ती सगळ्यांत जास्त झिजायला हवीत. आणि ती केसाचाही फरक न पडता बरोबर? इतकं बरोबर जुनं वजन जगात नसतं. ही वजनं काल-परवा बरोबर केली आहेत."

कुजबुज सुरू झाली. मी एक वजन उलटं केलं.

"प्रत्येक वजनाच्या बुडाला भोक असतं. त्यात शिसं ओततात आणि वजन जुळलं की त्या शिशावर शिक्का मारतात. हा बघा, जुना शिक्का. आता हे बघा."

मी पेटीतला पोलादी टोच्या घेऊन शिशाच्या कडेला घातला. शिक्क्याची चकती डब्याच्या झाकणासारखी अलगद निघाली. शिसं एकदाच ओतलेलं असतं तर झाकण सुटलंच नसतं. मी काकांच्या हातात खिळा दिला. "झाकणावर ओरखडा."

खिळा लोण्यात जावा तसा रुतला.

"आता आतल्या शिशावर."

खिळा घसरला. काकांनी जोर लावला तेव्हा कुठे बारीक रेघ उमटली.

"वजनातलं शिसं मऊ असतं. हे आतलं कडक आहे, बॅटरीच्या पट्ट्यांचं. म्हणजे कुणीतरी शिक्का जपून काढला, आतलं शिसं खरवडून वजनं हलकी केली आणि शिक्का परत बसवला. बाबांच्या तपासणीत ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण ते एकाच आईची दोन लेकरं एकमेकांशी ताडून बघत होते. पुढची पडताळणी यायच्या आतच तुम्ही बाबांना हाकललंत आणि नवा काटा आणलात. जुनी वजनं कुलपात गेली. बावीस वर्षं त्या माणसाला ती भरता आली नाहीत. मी तपासायला येणार कळल्यावर त्यानं दोनदा ती रंगवायला मागितली. मिळाली नाहीत, तेव्हा चोरली, भरली आणि परत आणून टाकली."

"कोण तो?" अध्यक्ष उठले होते. त्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता.

"तुमच्यावरच माझा डोळा होता," मी म्हटलं. "पण तपासणीच्या पत्रावर सही तुमची आहे. आपल्याच गळ्याला फास लावणारं पत्र कुणी पाठवत नाही. काकांनी आपल्या तोंडानं सांगितलं की वजनं हलकी होती. सचिवबाई तेव्हा दप्तर घेऊन शाळेत जात असतील. राहिला तो माणूस, ज्याच्याकडे वजनं दरवर्षी जायची, ज्याच्या दुकानात भट्टी आहे, बॅटरी आहे, इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आणि ज्यानं या कपाटाचं कुलूप बसवलं."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मामा हलले नाहीत.

"एकच कळलं नाही मला," मी म्हटलं. "यात तुम्हाला दमडीचा फायदा नव्हता. मग का?"

"फायद्यासाठी कोण करतंय?" मामा शांतपणे म्हणाले आणि सरळ काट्याखाली येऊन उभे राहिले. "तुझ्या बापाला चोर करायचं होतं. केला."

मी इतकी वर्षं घोकलेलं सगळं ओठांवर आलं. आमची शेतं, आईचं अंथरूण, ती खिडकी. सगळं बोलले, सगळ्यांसमोर, जसं ठरवलं होतं अगदी तसं.

"झालं?" शेवटी ते म्हणाले. "आता माझं ऐक. माझ्या बायकोचं पोतं तुझ्या बापानं इथंच उलटं केलं. वर ओरडला, खडे घालून वजन वाढवतेस, चोर कुठली! ती म्हणत होती, मी नाही घातले. कोण ऐकतो? आमचं सभासदत्व गेलं. आजही पोरं तिला रस्त्यात खडेवाली म्हणतात. ती घराबाहेर पडायची बंद झाली."

"पण खडे निघाले होते."

"निघाले होते. त्या दिवशी संघाच्या मळणी यंत्राची चाळणी फाटली होती. धान्य त्यातूनच आलं होतं, खडे तिथलेच. मला कसं माहीत, विचार. दुसऱ्या दिवशी ती चाळणी दुरुस्तीला माझ्याकडे आली. तुझा बाप स्वतः घेऊन आला होता. माझ्यासमोर ठेवली, पैसे दिले, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि एक शब्द न बोलता गेला."

६

मी पंचनामा केला. मामांनी सही केली. तक्रार मी मागे घेतली नाही आणि घेणार नाही, वजनात खोट करणं हा गुन्हा आहे आणि माझी आई परत येणार नाही. सभासदांनी त्याच दिवशी ठराव केला की बाबांकडून वसूल केलेलं सगळं व्याजासकट परत द्यायचं. ठराव मीच लिहून दिला, व्याजाचा दरही मीच घातला. अध्यक्षांनी मुकाट सही केली. दोन शेतांचा पैसा सगळ्यांनी थोडा थोडा खाल्ला होता, तो आता थोडा थोडा ओकावा लागणार होता. सचिवबाईंनी रंगाऱ्याला बोलावून भिंतीवरची ती ओळ पुसून घेतली आणि विचारलं, "मॅडम, आता इथे काय लिहू?"

"उद्या सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना जीपमध्ये घालून निघाले. त्यांना धुतलेला सदरा घातला होता. सभागृहात हार, टाळ्या, माफी, सगळं त्यांची वाट पाहत होतं. बावीस वर्षांत त्यांना इतकं ताठ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"सांगत होतो ना," ते म्हणाले, "माझं माप चुकलेलं नाही."

"बाबा, मळणी यंत्राची चाळणी फाटली होती?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. घरी बघतात तसेच.

"बाबा."

"फाटली होती," ते म्हणाले. "पोतं उलटं केल्यावर संध्याकाळी लक्षात आलं."

"मग सांगितलं का नाही?"

"लोक मला धर्मकाटा म्हणायचे गं."

मला त्यांचा राग आला. मामांचा आला होता त्याहून जास्त आला. अध्यक्षांसाठी जपून ठेवलेला, कुणालाच न दिलेला सगळा राग त्या धुतलेल्या सदऱ्यावर आला. बाबा रोज सकाळी दोन सारखी हलकी वजनं समोरासमोर ठेवून खूश व्हायचे. मी काल संध्याकाळी तेच करून झोपले होते. एका पारड्यात मामांचा सूड, दुसऱ्यात माझा, आणि काटा अगदी सरळ.

सभागृह डावीकडे होतं. मी जीप उजवीकडे वळवली.

लोहाराचं दुकान बंद होतं. घराच्या उंबऱ्यात मामी धान्य निवडत बसल्या होत्या. मी बाबांना उतरवलं आणि हात सोडला. ते काठी टेकत चार पावलं गेले आणि मामींसमोर उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या पोत्यातले खडे तुमचे नव्हते."

मामींनी सुपातला एक खडा उचलला, बाजूला ठेवला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, चल म्हणून. मी जागची हलले नाही.

"मोठ्यानं बोला," मामी म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "तेव्हा मोठ्यानं बोलला होतात."

बाबांनी काठी चाचपली. मी आधार द्यायला पुढे झाले नाही. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले, रस्त्याकडे तोंड केलं आणि ओरडून सांगितलं की खडे संघाच्या चाळणीतले होते, ही बाई चोर नाही, मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

समोरचं एक दार उघडलं. मग शेजारचं.

"अजून एकदा," मामी म्हणाल्या.